जुनी सिंगल सिलिंडर बाईक हातात घेतलीय? मग पाने कुठल्या क्रमाने उचलायचे ते वाचा

सगळ्यात आधी एक सांगतो, इंजिन खोलू नका. वापरलेली बाईक घरी आली की पहिली इच्छा तीच होते, की आता हेड काढू, पिस्टन बघू, रिंगा बदलू. पण "इंजिन गेलंय" म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांचं इंजिन धड असतं, बिघडलेलं असतं ते आजूबाजूचं. टॅपेट (वाल्व दाबणाऱ्या रॉकरचे स्क्रू) टाईट झालेले असतात, कार्बोरेटरमधला स्लो जेट (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोंदलेला असतो, कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबराला चीर गेलेली असते नाहीतर अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. या चार गोष्टी तपासायच्या आत ज्याने इंजिन उतरवलं त्याने विनाकारण खर्च वाढवून घेतला, कारण एकदा पॅकिंग तुटलं की नवीन लागतं, आणि जुन्या ॲल्युमिनियममधले बोल्ट काढताना आटे जायची भीती असतेच.

इथे मी साधी एअरकूल्ड, कार्बोरेटरवाली, १०० ते २०० सीसीच्या आसपासची गाडी धरून चाललोय. इंजेक्शनवाली असेल तर कार्बोरेटरचा भाग सोडून द्या, बाकी जवळपास सगळं लागू पडतं.

आधी फक्त बघा, काही उघडू नका

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदांशी जुळतात ना ते पहिलं बघा, जुळत नसतील तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नाही. मग पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मधोमध आलं की बारीक खटका लागतो का, तिथे अडकल्यासारखं होतं का? होत असेल तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय, गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. नंतर पुढचे फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा, मग मागचं चाक धरून आडवं हलवा. मागे खेळ जाणवला तर तो चाकाच्या बेअरिंगचा आहे की चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) बुशचा ते ओळखायचं, चिमटा हाताने घट्ट धरून चाक हलवलं की लगेच कळतं. फोर्कच्या चकचकीत नळीवर गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर नवीन ऑइल सील टाकून उपयोग नाही, तेच खड्डे चार दिवसांत नवा सील फाडतात.

टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत ४ आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही नवी दिसू दे, रबर जुनं होऊन कडक झालं असेल, बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. बदला.

आणि फोटो काढा, खूप काढा. केबल कुठून गेलीय, वायर कुठल्या क्लिपमध्ये आहे, वायसर कुठल्या बाजूला होता, यातलं काहीही आठवेल म्हणून सोडू नका कारण आठवत नाही. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, खाली मी जे आकडे देतोय ते साधारण आहेत, मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर मॅन्युअलचा खरा.

हत्यारांचं थोडक्यात. चांगले रिंग पाने, एक सॉकेट सेट, प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टीमीटर, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो हातोडीने मारायचा. साईड कव्हरचे स्क्रू बहुतेक अडकलेले असतात आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर केला की डोकं गोल होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी इम्पॅक्टने काढा. लागला तर टॉर्क पानाही घ्या, ६ मिलीमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, हाताने आवळताना माणूस सहज त्याच्या दुप्पट जोर लावतो आणि मग आटे बाहेर येतात.

थांबेल अशी करा, मग पळेल अशी

माझं हे ठाम मत आहे. गाडी सुरू व्हायच्या आधी ब्रेक करून घ्या, कारण एकदा सुरू झाली की चक्कर मारायचा मोह आवरत नाही. ड्रम ब्रेक असेल तर चाक काढा, आतली धूळ फुंकू नका आणि हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासला जाणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनर २ मिलीमीटरच्या खाली आलं असेल तर नवीन शू टाका. शू चांगले आहेत पण तोंड काचेसारखं गुळगुळीत झालंय, तर पॉलिश पेपरने हलकं घासलं तरी फरक पडतो. ज्या कॅमवर शू उघडतात तो काढून साफ करा आणि त्याला अगदी थोडं ग्रीस लावा, जास्त झालं तर ते गरम होऊन लायनरवर उतरतं आणि ब्रेक लागायचाच बंद होतो. ब्रेक कडक लागतोय, दाबला की परत येत नाही, अशा तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हा सुकलेला कॅमच असतो.

डिस्क असेल तर पॅड बघा आणि ब्रेक ऑइल बदलाच, ते हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जुन्या गाडीत ते कधी बदललंय हे कुणालाच माहीत नसतं. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका. टाकीवर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा. ब्रेक आणि क्लचच्या केबल टोकाला तुटत आल्या असतील तर तेल घालत बसू नका, नवीन टाका.

आता ऑइल

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, चालत नसेल तर थंडच काढा. ऑइल एका पसरट भांड्यात काढून उजेडात तिरकं करून बघा. करड्या रंगाची बारीक चमक थोडी असतेच, घाबरू नका. पण बोटाला लागतील असे पत्र्याचे तुकडे नाहीतर सोनेरी कण दिसले तर आत काहीतरी झिजतंय, पितळी सोनेरी रंग म्हणजे बुश. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

नवीन ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए २ (बाईकच्या ऑइलचं मानक) आहे का बघा. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो, आणि मग नव्या प्लेटी टाकत बसावं लागतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, १०डब्ल्यू-३० असो की २०डब्ल्यू-४०. बऱ्याच छोट्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, खाली एक जाळी असते आणि क्लच कव्हरच्या आत फिरणारा एक कप असतो, ज्यात घाण कडेला फेकली जाऊन चिकटते. तो कप आयुष्यात एकदाही उघडलेला नसतो अशा गाड्या भरपूर आहेत, आत काळी माती थापून बसलेली असते. क्लच कव्हर उघडायची वेळ आली की तो साफ करून घ्याच. पहिलं नवीन ऑइल ३०० ते ५०० किलोमीटरवर पुन्हा बदला, ते एक प्रकारे आतली धुलाई करून येतं.

टॅपेट, इथे घाई करू नका

एकच काम स्वतः शिकायचं ठरवलं असेल तर हे शिका. वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधे थोडी फट लागते कारण इंजिन तापलं की धातू वाढतो. वाल्व हळूहळू सीटमध्ये बसत जातो तशी ही फट कमी होत जाते, आणि आवाज मात्र उलट कमी होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. इंजिन अगदी शांत चालतंय म्हणून माणूस खूश असतो आणि तिकडे एक्झॉस्ट वाल्व पूर्ण बंदच होत नसतो, जळता गॅस कडेने निसटतो आणि सीट जाळतो. थंड असताना सुरू होते पण गरम झाल्यावर किक मारून मारून पाय दुखतो, अशी गाडी असेल तर पहिलं टॅपेट बघा. थोडी टिकटिक असलेली परवडली, टाईट टॅपेट नाही परवडत.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली सगळ्यात उत्तम. प्लग काढा म्हणजे हाताने फिरवायला सोपं जातं. हेडवरची दोन झाकणं काढा आणि मॅग्नेट कव्हरवरची दोन, एक फिरवायला आणि एक बघायला. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पान्याने हळू फिरवा आणि छोट्या खिडकीतून मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) खाचेसमोर आणा. एफ नावाची अजून एक खूण बाजूलाच असते, ती टायमिंगची, तिच्यावर थांबू नका. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवा. दोन्ही जरासे लुकलुकले पाहिजेत. एक जरी घट्ट असेल तर पिस्टन वर आलाय पण चुकीच्या स्ट्रोकला, अजून एक पूर्ण फेरा द्या आणि परत टी जुळवा. अजूनही घट्टच असेल तर फट संपलेलीच आहे.

मग फिलर गेजची पट्टी घाला. छोट्या इंजिनांत इनटेकला ०.०५ ते ०.१० मिलीमीटर असा आकडा बहुतेक दिसतो, एक्झॉस्टला तेवढाच किंवा थोडा जास्त. पट्टी ओढताना हलकी पकड लागली पाहिजे, अडकता कामा नये आणि सैल सटकताही कामा नये. नट सैल करून मधला स्क्रू फिरवायचा, पट्टी आतच ठेवून नट आवळायचा, आणि आवळल्यावर परत मोजायचं, कारण नट आवळताना स्क्रू सोबत थोडा फिरतो आणि फट बदलते. बरेच जण हे शेवटचं मोजणं सोडतात आणि अख्खं काम वाया जातं. झाल्यावर इंजिनला दोन फेरे देऊन पुन्हा एकदा मोजा.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. तो मोजायचं गेज असेल तर प्लगच्या जागी लावा, किल स्विच बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. निरोगी इंजिन साधारण १२० ते १७० पीएसआयच्या आसपास दाखवतं, काही गाड्यांत किक हलकी करायला डिकॉम्प्रेसर असतो तिथे आकडा कमी येतो. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला म्हणजे रिंगा-सिलिंडर झिजलेत, तसाच राहिला तर गळती बहुतेक वाल्वमधून आहे. एवढं कळल्याशिवाय हेडला पाना लावू नका. धुराचंही ध्यानात ठेवा, रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळा लोट सोडला आणि मग बंद झाला तर वाल्व सील, रेस देताना सतत निळा येत असेल तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तो कार्बोरेटरचा किंवा एअर फिल्टरचा विषय.

टाकी ते कार्बोरेटर

कार्बोरेटर साफ करायच्या आधी टाकी साफ करा. उलटं केलं तर टाकीतला गंज आठवड्याभरात पुन्हा जेटमध्ये. जुनं पेट्रोल काढून टाका, कॉक (पेट्रोलचा नळ) काढा, भोक बंद करा. गंज हलका असेल तर व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा, ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. झाकणातलं हवेचं भोकही बघा. दहा मिनिटं पळून गाडी बंद पडते आणि झाकण उघडलं की फुस्स आवाज येऊन परत सुरू होते, ती तक्रार या भोकाची असते.

कार्बोरेटर काढताना खालचा बाऊल आधी रिकामा करा, आणि आसपास ठिणगी, सिगारेट काही नको. मिक्सरचा (हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा) छोटा स्क्रू काढायच्या आधी तो हळूच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा, जोर करू नका, टोक सुईसारखं असतं आणि सीट खराब होते. आता स्लो जेट. हा काढून उजेडासमोर धरा. भोक ०.४ मिलीमीटरच्या आसपास, केसाच्या जाडीच्या काही पट मोठं, आणि त्यातून स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोरीसारखा किंवा धूसर दिसला तर आत वाळलेल्या पेट्रोलचा चिवट थर आहे. चोक ओढल्यावर चालते आणि आत केला की बंद पडते, स्लो पकडत नाही, हे सगळं त्या इवल्याशा भोकातून येतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, ब्रशचा एक नायलॉनचा केस घाला, पण स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फेकायचाच. बॉडीतल्या बारीक वाटांतूनही स्प्रे मारा आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतोय ना ते बघा, डोळ्यांवर चष्मा ठेवून.

बसवताना हेडकडचं रबर वाकवून बघा. बारीक चीर असेल तर तिथून जादा हवा जाते आणि रेस सोडली तरी आरपीएम वरच लटकतो. मिक्सरचा स्क्रू आधी होता तेवढ्याच फेऱ्यांवर ठेवा, इंजिन चांगलं गरम झालं की पाव-पाव फेरा फिरवून जिथे स्लो सगळ्यात जास्त आणि एकसारखा होतो तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने १३००-१४०० आरपीएमवर आणा.

चेन आणि वायरिंग

मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढा, अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. ढिलाई २० ते ३० मिलीमीटर, पण चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे सगळ्यात ताणलेली आहे तिथलं धरा. लॉकची क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते तिकडे.

विजेचं अर्ध्याहून जास्त दुखणं अर्थिंगमध्ये असतं. चेसिसला जिथे वायर बोल्ट केलीय तिथला रंग आणि गंज घासून चकचकीत करा. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि ४-५ हजार आरपीएमला १३.५ ते १४.५ पाहिजे. त्याच्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही, वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बल्ब आणि बॅटरी दोन्ही खाईल. वायर नुसत्या पिळून टेप मारलेले जोड सगळे उघडून सोल्डर करा आणि वर गरम केली की आवळणारी नळी चढवा. फ्यूजच्या जागी तार घातलेली दिसली तर त्याच क्षणी काढा.

सुधारणा करायच्या तर

आता गाडी नीट चालतेय, तर पैसे कुठे घालायचे? चांगले टायर, चांगले ब्रेक शू, आणि फोर्कमध्ये मापात नवीन ऑइल. या तिन्हींनी गाडी जितकी बदलते तितकी कशानेच नाही. सायलेन्सर फोडून आवाज वाढवणं आणि एअर फिल्टर काढून टाकणं, हे दोन्ही मी करू नका म्हणूनच सांगतो, हवा वाढते पण पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि खालच्या गिअरची ओढ जाते, शिवाय फिल्टर नसला की धूळ थेट सिलिंडर घासते. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने मोठं करायचं असेल तर हिशेब करून करा, १४ आणि ४२ दातांचं प्रमाण ३.० असतं, १५ केलं की २.८, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम साधारण ७ टक्के उतरतो. सपाट लांब रस्त्याला बरं, पण चढावर किंवा दोघं बसल्यावर वरचा गिअर ओढत नाही.

आणि कॉम्प्रेशनने खरंच सांगितलं असेल की रिंगा गेल्यात, तर सिलिंडर मोजून घ्या, बोअर झिजलेला असेल तर नुसत्या रिंगा टाकून भागत नाही, ०.२५ किंवा ०.५० मिलीमीटर मोठा पिस्टन आणि त्याच्या मापाने बोरिंग. त्यानंतर पहिले काहीशे किलोमीटर फुल ॲक्सिलरेटर नको, आणि मोठ्या गिअरला कमी वेगात रखडवतही चालवू नका.

कुठलीही सुधारणा करताना एका वेळी एकच बदल. जेट, प्लग आणि मिक्सर तिन्ही एकाच दुपारी बदललं आणि गाडी बिघडली, तर कशाने बिघडली ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. बदल केला की तीस-चाळीस किलोमीटर चालवा, मग चालत्या वेगातच क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करा, बाजूला थांबा, प्लग थोडा निवू द्या आणि काढून बघा. हलका बिस्किटी रंग असेल तर मिश्रण ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, आणि ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. त्याच वेळी इंजिन माउंटिंग, ॲक्सल, हँडल आणि ब्रेकच्या हाताचे बोल्ट एकदा पाना लावून तपासा, सिंगल सिलिंडरचा थरथराट नवीन आवळलेला बोल्टही सैल करतो, आणि ऑइलची पातळी बघूनच पुढे निघा.